ताट पायाने सरकवणारा मुलगा आपलाच होता



२०२० च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या गल्लीतले आप्पा, वय सत्तरच्या पुढे, कोरोनाच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांना नाशिकच्या एका रुग्णालयात दाखल करावे लागले. रुग्णालयाचे नाव आम्ही देत नाही, कारण आम्हाला सांगायचे आहे ते एका इमारतीपुरते नाही. अकराव्या दिवशी आप्पा बरे होऊन घरी आले. आम्ही अंगणातूनच विचारले, "आप्पा, जेवणाखाण्याची सोय बरी होती ना?"

आप्पा म्हणाले, "जेवण बरं होतं. ताट मात्र पायानं यायचं."

मग त्यांनी सगळे सांगितले. जेवण आणणारा मुलगा वॉर्डाच्या दारातच थांबायचा, ताट फरशीवर ठेवायचा आणि बुटाच्या टोकाने पुढे सरकवायचा. पाण्याची बाटली तिथूनच फेकायचा. ज्याला उठता येत नाही त्याने बाजूच्या रुग्णाला विनवायचे. आप्पांचे बालपण येवला तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. विहिरीवर ओंजळ धरून उभे राहायचे आणि वरून कोणी ओतील तेवढे पाणी प्यायचे, हे त्यांनी स्वतः भोगलेले आहे. ते म्हणाले, "पण तेव्हासुद्धा पाणी हातानंच ओतायचे रे. पायानं नाही."

त्या रात्री आमच्या मंडळाची बैठक फोनवरच झाली. सगळे संतापलेले. निवेदन द्यायचे, त्या वॉर्डबॉयला कामावरून काढायला लावायचे, असा ठराव झाला. आम्ही कारकून माणूस, निवेदनाचा मसुदा आमच्याकडेच आला. नाव हवे म्हणून चौकशी केली तेव्हा कळले की हा मुलगा आमच्यापासून दोन वस्त्या पलीकडे राहतो. त्याची आई दर वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला येते. घरात दर्शनी भिंतीवर तथागतांचा आणि परमपूज्य बाबासाहेबांचा फोटो. मुलगा आपलाच होता.

निवेदन बाजूला ठेवून आम्ही त्याला भेटायला गेलो. बारावी झालेला पोरगा. काम बंद पडलेले, घरभाडे थकलेले. कंत्राटदाराने सोमवारी नाव लिहून घेतले आणि मंगळवारी संध्याकाळी त्याला कोरोना वॉर्डात उभे केले. कोणी काय शिकवले, असे विचारल्यावर तो म्हणाला, "जवळ जाऊ नको, काही शिवू नको, एवढंच सांगितलं. घरी आई आहे, लहान बहीण आहे. मी आजार घरी आणला तर?"

शिवू नको! हा शब्द ऐकला आणि आम्ही गप्पच झालो. ज्या शब्दाने आपल्या आजोबा-पणजोबांना गावाबाहेर ठेवले, तोच शब्द प्रशिक्षण म्हणून आपल्या मुलाला देण्यात आला होता आणि त्याने तो आपल्याच म्हाताऱ्यावर वापरला होता.

आता यातली खरी मेख पाहा. ताट पायाने सरकवून त्या मुलाचे रक्षण झाले का? मुळीच नाही. कोरोना हा मुख्यतः श्वासावाटे पसरतो. पहिल्या काही महिन्यांत भाजीपासून दाराच्या कडीपर्यंत सगळे पुसण्यावर जोर होता. पुढे स्पष्ट झाले की बंद खोलीतली कोंदट हवा हीच मोठी धोक्याची जागा. त्या मुलाने आम्हाला करून दाखवले तसा त्याचा मास्क नाकाखाली असायचा. वॉर्डाच्या खिडक्या बंद असायच्या. रिकामी ताटे गोळा केल्यावर हात धुण्याचे ठिकाण दुसऱ्या मजल्यावर होते, म्हणून तो तसाच चहा प्यायचा. म्हणजे रुग्णाचा अपमान तेवढा झाला आणि धोका होता तसाच राहिला. मास्क नाकावर घट्ट बसवून, खिडकी उघडून, ताट आप्पांच्या हातात देऊन नंतर साबणाने हात धुतले असते तर तो जास्त सुरक्षित राहिला असता.

त्याच वॉर्डात एक मावशीही होत्या. त्या आप्पांना टेकू देऊन बसवायच्या, पाणी पाजायच्या, चादर बदलायच्या. आम्हाला वाटले, या बाई मुळातच मायाळू असतील. असतीलही. पण त्यांना भेटल्यावर कळले की पूर्वी त्यांनी एका सिस्टरच्या हाताखाली क्षयरोगाच्या वॉर्डात काम केले होते. मास्क कसा घालावा, खोकणाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहावे, हात कधी धुवावेत हे सगळे त्यांना ठाऊक होते. माया करायला त्यांना भीती वाटत नव्हती. त्या मुलाला माया नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. कोणी ज्ञान दिलेले नसल्याने त्याची माया भीतीखाली दबून गेली होती.

आपल्या धम्मात ही गोष्ट नवी नाही. विनयपिटकातल्या महावग्गात ती कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. त्याच्याजवळ कोणी जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुतले, उचलले, मंचावर नीट झोपवले. त्यानंतर तथागतांनी संघ बोलावला आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश केला. ही कथा आपण प्रवचनात ऐकतो आणि तिथेच थांबतो. तिच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. तिथे तथागत चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगतात. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही, हे त्याला कळावे. त्याने लोभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस येऊ नये. आणि रुग्णाच्या मनाला उभारी येईल असे बोलता यावे. यात पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत, हे आमच्या लक्षात फार उशिरा आले.

१९५६ च्या मे महिन्यात बीबीसीवरील भाषणात आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो हे सांगताना बाबासाहेबांनी प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र मांडली. दवाखान्याच्या दारात उभे राहिल्यावर ती एकत्र का, ते कळते.

आणि हे सारे आपल्या नाशिकच्या डोंगरावर कोरलेलेही आहे. त्रिरश्मी लेण्यांवर आपण बुद्धपौर्णिमेला जातो, मुलांना दहा क्रमांकाचे मोठे लेणे दाखवतो. तिथे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने त्रिरश्मी पर्वतावरच्या विहारात राहणाऱ्या भिक्खूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवल्याची ती नोंद आहे. ठेव कोणाकडे ठेवली? कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे कष्टकऱ्यांच्या संघटनांकडे. आजाऱ्याच्या औषधाची जबाबदारी सतराशे वर्षांपूर्वी या गावात हाताने काम करणाऱ्यांच्या विश्वासावर सोपवलेली होती. पुढच्या वेळी लेण्यांवर गेलात तर मुलांना हे जरूर सांगा.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव घेतल्याशिवाय साथीच्या आजाराची गोष्ट पूर्ण होत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सरकारने त्याच वर्षी साथरोग कायदा केला. पुढे गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेऊ लागले, आजाऱ्यांना ओढून नेऊ लागले. लोक दवाखान्याला प्लेगपेक्षा जास्त घाबरत. त्याच साथीत सावित्रीबाईंनी डॉक्टर असलेल्या यशवंतरावांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ सासणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा प्लेग पिसवांमुळे पसरतो हे नीट कळलेले नव्हते, बचावाची साधने नव्हती. सावित्रीबाईंनी जीव दिला म्हणून आजच्या कामगारानेही साधनांशिवाय जीव द्यावा, असा अर्थ कोणी काढू नये. फोटोला हार घालून हातमोजे न देणारे पुष्कळ आहेत.

ज्ञान नसणे हा फक्त खालच्या कामगाराचा दोष, असेही कोणी समजू नये. १८४७ साली व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. सुईणींच्या विभागात शंभरातल्या चारच्या आसपास बाळंतिणी मरत आणि डॉक्टरांच्या विभागात दहाच्या आसपास. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शोधून काढले की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. पण आमचे हात घाणेरडे असतील हे अनेक मोठ्या डॉक्टरांना पटेना. हात कोणाचेही असोत, जंतू पदवी पाहत नाही. एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टरांना कोरोना झाल्याचे उघड झाले आणि रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावे लागले.

आपल्या जिल्ह्यातले मालेगाव आठवा. त्याच एप्रिलमध्ये तिथे साथ भडकली. अनेक खाजगी दवाखाने बंद झाले. ज्यांना कोरोना नव्हता, पण रक्तदाब, मधुमेह, दमा होता त्यांचेही हाल झाले. बंदोबस्ताला आलेले शंभरावर पोलीस बाधित झाले. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली तेव्हाही असेच झाले होते. तिथल्या कित्येक खाजगी डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावून शहर सोडले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. सुरतेहून परतलेल्या कुटुंबांकडे लोक कसे बघत, ते अजून डोळ्यांसमोर आहे. आणि हे नाशिक म्हणजे १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे गाव. राज्यभरच्या डॉक्टरांना पदवी इथून मिळते. त्याच गावात फरशी पुसणाऱ्याला दोन तासांचे शिक्षण मिळू नये, याचे आम्हाला राहून राहून आश्चर्य वाटते.

आमच्या मंडळाने मग निवेदनाऐवजी वर्ग काढला. निर्बंध सैल झाल्यावर, पाच-पाच जणांना, विहाराच्या अंगणात. शिकवायला आपल्याच समाजातल्या एक सेवानिवृत्त सिस्टर. त्यांनी पहिल्याच दिवशी कपड्यांना घालायची नीळ पाण्यात कालवली, त्या मुलाला हातमोजे घालायला लावले आणि मोज्यांना नीळ फासली. म्हणाल्या, "निळा रंग आपला, पण आजच्या दिवस हा जंतू आहे असं समज. आता मोजे काढ." त्याने नेहमीसारखे ओढून काढले. मनगट निळे. मग सवयीने नाक खाजवले. नाक निळे. सगळे हसले, तोही हसला. पण त्यानंतर अंगणात जी शांतता झाली तिचा उपयोग दहा व्याख्यानांनी झाला नसता.

सिस्टरांनी शिकवले ते घरच्या माणसालाही उपयोगी आहे म्हणून थोडक्यात देतो. संरक्षक कपडे घालताना नव्हे, तर काढताना जास्त धोका असतो. आधी हातमोजे, आतली बाजू बाहेर येईल असे गुंडाळत. मग हात स्वच्छ करायचे. मग चष्मा मागच्या पट्ट्याला धरून, मग झगा उलटा गुंडाळत, आणि मास्क सर्वांत शेवटी, दोऱ्यांना धरून, समोरून हात न लावता. पुन्हा हात धुवायचे. साबण लावून बोटांच्या फटी, अंगठा, नखे घासायची. किती वेळ? सिस्टर म्हणाल्या, मनात तिसरण पूर्ण म्हणा, तेवढा वेळ होतो. फरशी पुसायचे हायपो संडासच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळायचे नाही, त्यातून विषारी वायू निघतो. हे शेवटचे ऐकून आमच्याच घरातल्या मंडळींनी एकमेकींकडे पाहिले!

वर्गात एक मावशी रडल्या, तो प्रसंग सांगितला पाहिजे. त्यांच्या वॉर्डात एक बाई वारल्या. मुलाने हात जोडून आईचे तोंड पाहायला मागितले. सगळ्यांनी सांगितले, परवानगी नाही. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजीच काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले होते की कर्मचाऱ्याने काळजी घेऊन पिशवीची चेहऱ्याकडची बाजू उघडून नातेवाइकांना अंतिम दर्शन देता येते. शवाला स्पर्श न करता धर्मग्रंथाचे पठणही चालते. म्हणजे त्या मुलाला आईचा चेहरा पाहता आला असता, चार हात दूर उभे राहून त्रिसरण-पंचशील म्हणता आले असते. कागद कुठल्यातरी फायलीत होता. वॉर्डापर्यंत तो आलाच नाही. मावशी म्हणाल्या, "मला माहीत असतं तर मी स्वतः चेन उघडली असती."

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब कमी झाला आणि २२ रुग्णांचे प्राण गेले. त्या दिवसापासून आमच्या वर्गात आणखी एक प्रश्न वाढला. तुमच्या वॉर्डात जादा सिलिंडर कुठे असतो आणि तो जोडता येणारा माणूस रात्री हजर असतो का? उत्तर येत नसेल तर दुसऱ्या दिवशी विचारून यायचे.

आता कायद्याचे बोलू. कागदपत्रे हाच आमचा धंदा आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रुग्णालयाने कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेतानाच प्रशिक्षण द्यायचे आहे आणि त्यानंतर दर वर्षी एकदा तरी. आरोग्य तपासणीही तशीच. शिवाय हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांविरुद्ध लस टोचून द्यायची आहे. रक्ताने माखलेली सुई पिशवीतून बोटात घुसते ती बहुतेक वेळा सफाई कामगाराच्या, म्हणून ही लस. नियमात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. तरीही आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांना अशी लस आहे हेच माहीत नव्हते. मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या पन्नास लाखांच्या विमा योजनेत कंत्राटी आणि रोजंदारी कामगारही धरलेले होते. पण हजेरीपत्रकावर नाव नाही, ओळखपत्र नाही, पगार रोखीने, असा माणूस मेला तर तो तिथे कामाला होता हे सिद्ध कोण करणार? म्हणून आमचे कळकळीचे सांगणे आहे. ज्यांच्या घरातले कोणी दवाखान्यात कामाला असेल त्यांनी आजच ओळखपत्र, हजेरी आणि पगाराच्या नोंदीची झेरॉक्स करून घरी ठेवावी.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्ही पक्षपाती ठरू. आपण रुग्णालयात कसे वागतो? एक रुग्ण आणि सोबत पंधरा माणसे. जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखूच्या पिचकाऱ्या. रुग्ण दगावला की मंडळाची पोरे काचा फोडायला पुढे. २०२० च्या एप्रिलमध्ये वटहुकूम निघाला आणि पुढे सप्टेंबरात कायद्यात दुरुस्ती झाली. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर इजा झाल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तथागतांनी शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले तसे ज्याची शुश्रूषा करणे अवघड जाते अशा रुग्णाचे दोषही सांगितले आहेत. पथ्य न पाळणे, औषध न घेणे, दुखणे खरे न सांगणे. साथीत खोकला लपवून लग्नाला गेलेले आपण पाहिले आहेत.

आणि वर ज्या मावशींचे आम्ही कौतुक केले, त्यांना २०२० साली आपल्याच वस्तीत नळावर पाणी भरू दिले नव्हते. "तुम्ही दवाखान्यातून येता, हंडा शेवटी लावा." २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता याच नळासमोर उभे राहून आपण थाळ्या वाजवल्या होत्या. मावशींनी आम्हाला हे सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. आमची मान खाली गेली. कारण त्या दिवशी नळाच्या रांगेत आमच्या घरचाही हंडा होता.

तो मुलगा अजून रुग्णालयाच्याच कामात आहे, आता दुसऱ्या ठिकाणी. आप्पांकडे तो एकदा गेला होता. काय बोलणे झाले, ते दोघांनीही आम्हाला सांगितले नाही. चहा झाला, एवढे आप्पांच्या सुनेकडून कळले.

सध्या त्याच्यासह अकरा कंत्राटी कामगारांच्या सह्यांचा अर्ज आम्ही वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात दिला आहे. वार्षिक प्रशिक्षणाची तारीख आणि हिपॅटायटिस बीची लस, एवढ्या दोनच मागण्या. आवक क्रमांक घेतला आहे. कंत्राटदाराचे म्हणणे, लस रुग्णालयाने द्यावी. रुग्णालयाचे म्हणणे, माणसे कंत्राटदाराची. नियमाच्या कलमाची प्रत जोडून स्मरणपत्र तयार ठेवले आहे, सोमवारी देणार आहोत. लसीचे तीन डोस असतात, दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. अकरापैकी चौघांनी पहिला डोस पदरच्या पैशाने घेतला आहे. त्यांच्या पावत्या आम्ही फायलीला लावल्या आहेत.